ल्योंला जेवायला बसून आजूबाजूची वाइन कशी चाखावी

वाइनची यादी टेबलावर आली की आपल्यातला सगळ्यात बोलका माणूससुद्धा एकदम गप्प होतो. ती जाडजूड वही या हातातून त्या हातात सरकत राहते, प्रत्येक जण दोन पानं उलटून 'तूच बघ रे' म्हणतो आणि शेवटी कुणीतरी 'अगदीच स्वस्त नको' म्हणून वरून दुसऱ्या नंबरची बाटली सांगून मोकळा होतो. फ्रान्समधल्या ल्योंला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मीही हेच केलं. आता पुण्या-मुंबईहून मित्रमंडळी येतात तेव्हा यादी आपसूक माझ्यासमोर येते आणि मी एकच नियम लावतो. जिथे बसलोय तिथून गाडीने तासा-दीड तासात पोचता येईल तिथलीच वाइन मागवायची. बोर्डो नको, शॅम्पेन नको. फ्रान्सभरची वाइन एका रात्रीत चाखायला निघालं तर काहीच लक्षात राहत नाही, पैसे मात्र लक्षात राहतात.

हा नियम लावायला ल्योंइतकं सोयीचं शहर नाही. उत्तरेला शहर संपता संपता बोजोले सुरू होतं, त्याच्या पुढे माकों. दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर व्हिएन गाव, आणि तिथून ऱ्होन नदीच्या काठाने उतारावर द्राक्षमळेच द्राक्षमळे. ल्योंचे लोक गमतीने म्हणतात की आमच्या शहरातून तीन नद्या वाहतात: ऱ्होन, सोन आणि बोजोले.

खाली सांगितलंय ते ज्यांनी आजवर नाशिकची एखादी बाटली उघडली असेल-नसेल, अशांसाठी. ज्यांना सगळं येतं त्यांनी सरळ शेवटच्या भागातला कस्टमचा हिशेब वाचावा.

१. आधी माणसं मोजा, मग बाटल्या

आपल्याकडे आधी पिणं होतं, सोबत चखणा असतो, आणि जेवण शेवटी अकरा वाजता गार झालेलं येतं. इथे उलटं आहे. घास आणि घोट बरोबर चालतात. पहिला पदार्थ येईपर्यंत बाटली संपलेली असली तर तुमचं काहीतरी चुकलंय.

साधी बाटली ७५ सेंटिलिटरची, म्हणजे पाऊण लिटर. सहा जण असाल तर एका बाटलीत प्रत्येकी साडेबारा सेंटिलिटर येते, आणि फ्रान्समध्ये रेस्तराँचा एक ग्लास साधारण तेवढाच असतो. तीन बाटल्या म्हणजे प्रत्येकी तीन ग्लास, किंवा अर्धी बाटली. तीन तासांच्या जेवणाला हे भरपूर झालं. चौथी हवीच असेल तर ती शेवटी, गोड आणि हलकी. सहापेक्षा जास्त मंडळी असतील तर एका टेबलावर एक बाटली सगळ्यांना पुरत नाही आणि मग चाखणं राहतं बाजूला, नुसतं ओतणं चालतं. माझ्या मते चार ते सहा हा आकडा बरा.

चौघंच असाल तर बाटलीच्या भानगडीत पडूच नका. ल्योंमध्ये 'पो' मागवा. पो म्हणजे जाड बुडाची, जड काचेची, ४६ सेंटिलिटरची बाटली. तीत पिंपातली किंवा मोठ्या बाटलीतली वाइन ओतून आणतात. तीन वेगवेगळे पो मागवले तर प्रत्येकाच्या वाट्याला तिन्ही मिळून पस्तीस सेंटिलिटरच्या आत येते, आणि खिशालाही हे हलकं पडतं. पहिल्यांदा पो हातात घेतला की तो भरलेला आहे असं वाटतं. नसतो. ते वजन बुडाचं असतं.

कुणी न पिणारा मित्र असेल तर त्याला टेबलावर बसवून 'घे रे एक घोट' असा लकडा लावू नका. द्राक्षाचा रस मिळतो, आणि वासाचे खेळ तोही खेळू शकतो. आमच्या गटातलं सगळ्यात तल्लख नाक न पिणाऱ्या वहिनींचं आहे.

२. जागा आणि वेळ

ल्योंच्या पारंपरिक खानावळीला 'बुशों' म्हणतात. फ्रेंचमध्ये बुशों म्हणजे बाटलीचं बूच, आणि वाहतूककोंडीलाही बुशोंच. खानावळीचं नाव मात्र बुचावरून नव्हे, पूर्वी दारावर टांगायचे त्या गवताच्या किंवा काटक्यांच्या पेंडीवरून पडलं असं सांगतात. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं टेबलक्लॉथ, एकमेकांना कोपर लागतील इतकी जवळजवळ टेबलं, आणि मोठमोठे बोलणारे मालक. पांढरे हातमोजे घातलेला माणूस इथे तुमची वाइन ओतणार नाही, त्यामुळे नवख्यांसाठी ही जागा उत्तम.

टेबल आधी राखून ठेवा. स्वयंपाकघर रात्री साधारण सात-साडेसातला सुरू होतं आणि साडेनऊच्या आसपास ऑर्डर घेणं थांबतं. आपल्या सवयीने साडेनऊला पोचलात तर उपाशी परत याल. रविवारी बरीचशी बुशों बंद असतात. आणि त्या संध्याकाळी अत्तर, परफ्यूम काही लावू नका. स्वतःच्या नाही तर शेजाऱ्याच्या नाकासाठी.

३. यादी वाचायची कशी

नवख्या माणसाला फ्रेंच लेबल कळत नाही याचं कारण सोपं आहे: त्यावर द्राक्षाचं नाव बहुतेकदा नसतंच. गावाचं किंवा भागाचं नाव असतं. हापूसच्या पेटीवर 'देवगड' एवढंच लिहावं आणि आंबा कुठला ते गिऱ्हाइकाने ओळखावं, तसं. आल्सास हा प्रांत याला ठळक अपवाद, तिथे द्राक्षाचं नाव लेबलावर ठळक छापतात.

गावाच्या नावामागे कायदा उभा आहे. १९३५ साली फ्रान्सने यासाठी वेगळी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. कुठल्या हद्दीत, कुठलं द्राक्ष, किती उत्पन्न, कशी पद्धत हे सगळं ठरवून मग त्या नावाचा हक्क दिला जातो. लेबलावर 'एओसी' किंवा युरोपीय रूपात 'एओपी' दिसेल. त्याखालची सैल पायरी 'आयजीपी', आणि सगळ्यात मोकळी 'व्हँ द फ्राँस'. मोकळी म्हणजे वाईट असं मात्र समजू नका. काही हट्टी, गुणी शेतकरी नियमांचा जाच नको म्हणून मुद्दाम त्या पायरीवर उतरतात.

ल्योंपुरतं पाठ करायचं तर एवढंच पुरे:

माकोंकडची पांढरी म्हणजे शार्दने द्राक्षाची. (त्या भागात शार्दने नावाचं एक गावच आहे.) माकों-व्हिलाज, सँ-व्हेराँ, पुयी-फुइसे ही नावं चढत्या किमतीत दिसतील.

बोजोलेची लाल म्हणजे गामे. इथे नीट बघा, कारण नुसतं 'बोजोले' वेगळं आणि 'क्रू' वेगळं. क्रू म्हणजे वरच्या दर्जाची दहा गावं-टेकड्या: सँ-तामूर, झ्युलिएना, शेना, मूलँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मॉर्गों, रेन्ये, ब्रुयी आणि कोत द ब्रुयी. गंमत अशी की यांच्या बाटलीवर 'बोजोले' हा शब्द शोधूनही सापडेल याची खात्री नाही, नुसतं 'मॉर्गों' लिहिलेलं असतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर गाजावाजा होतो ती 'बोजोले नूव्हो', त्याच वर्षीच्या द्राक्षांची कोवळी वाइन. तिच्यावरून या भागाची परीक्षा करणं म्हणजे हुरडा खाऊन भाकरीला नावं ठेवणं.

ऱ्होनच्या उत्तर भागातली लाल म्हणजे सिरा. नाशिकच्या बाटलीवर 'शिराझ' वाचलं असेल, ते हेच द्राक्ष. सँ-जोझेफ आणि क्रोझ-एर्मिताज परवडतील, कोर्नास जरा महाग, कोत-रोती आणि एर्मिताज वाढदिवसाला. तिथलीच पांढरी कोंद्रियो, व्हिओन्ये नावाच्या द्राक्षाची, सुगंधी आणि खर्चिक.

किमतीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. दुकानात दहा-पंधरा युरोला मिळणारी बाटली रेस्तराँच्या यादीत अडीच-तीनपट दिसते. चिडू नका, सगळीकडे तसंच आहे. म्हणूनच फ्लरी किंवा सँ-जोझेफसारख्या मधल्या पायरीवर थांबण्यात शहाणपण. खूप प्रसिद्ध नावांवर तुम्ही नावाचे पैसे देता. वेटरला अडखळत का होईना विचारा: 'इथलीच, एवढ्या युरोच्या आत, काय द्याल?' आकडा मोठ्याने बोलायची लाज वाटत असेल तर यादीतल्या त्या किमतीवर बोट ठेवा. त्याला कळतं. हा प्रश्न ऐकून तोंड वाकडं करणारा वेटर मला इतक्या वर्षांत एकच भेटला.

४. क्रम

पांढरी आधी, लाल मग. हलकी आधी, जड मग. गोड शेवटी. हा नियम पुस्तकी वाटतो म्हणून मी एकदा मोडला. मित्राने कौतुकाने आणलेली कोत-रोती आम्ही 'आधी भारी तर पिऊन घेऊ' म्हणून पहिली उघडली. तिच्यानंतर आलेली फ्लरी अगदी पाण्यासारखी लागली. बिचारीचा काही दोष नव्हता. भैरवीनंतर कुणाला भूप गायला बसवावं तसं झालं.

माझी ठरलेली मांडणी अशी: माकों-व्हिलाज, मग एखादी बोजोले क्रू, मग सँ-जोझेफ, आणि गोडाबरोबर सेर्दों. सेर्दों ही ब्युझे भागातली गुलाबी, फसफसणारी, गोडसर वाइन. अल्कोहोल जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाकीच्यांपेक्षा बरंच कमी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची आठवण करून देते आणि 'मला वाइन आवडत नाही' म्हणणारी माणसं हिच्यावर फिदा होतात.

तापमानाकडे लक्ष द्या, कारण रेस्तराँवाले इथे हमखास ढिले असतात. पांढरी आठ ते बारा अंशांवर बरी, पण बर्फाच्या बादलीत तासभर राहिली तर तिचा वास गोठतो. मग बादलीतून काढून टेबलावर ठेवा. लाल 'खोलीच्या तापमानाला' प्यायची हे वाक्य जुन्या थंडगार दगडी घरांमधलं आहे. जुलैच्या ल्योंमध्ये खोलीचं तापमान तीस असतं. गामे बारा-चौदा अंशांवर खुलते, सिरा सोळा-अठरावर. लाल कोमट आली तर बिनधास्त दहा मिनिटं बादली मागा. ल्योंचे लोक स्वतः मागतात.

५. बूच निघताना

बाटली आणून आधी लेबल दाखवतात. गाव आणि साल तुम्ही मागितलं तेच आहे ना एवढं बघा, मान हलवा. मग एकाच्या ग्लासात दोन घोट ओततात. इथे सगळ्यांची गफलत होते: 'आवडली का?' असं तो विचारत नसतो. 'बिघडलेली तर नाही ना?' एवढाच प्रश्न आहे. म्हणून चव घ्यायच्याही आधी वास घ्या. बुचातल्या दोषामुळे बिघडलेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. आपल्यासाठी जास्त ओळखीचं सांगायचं तर पावसाळ्यात भिजून कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा. फळाचा वास दबतो आणि हा कुबट वास वर राहतो. तसं असेल तर 'बुशोने' एवढा शब्द म्हणा, बाटली बदलून देतात. नुसती आवडली नाही म्हणून परत करता येत नाही.

माझ्यावर हे गुदरलंय. एका मोठ्या नावाच्या रेस्तराँमध्ये पाहुण्यांसमोर बाटली उघडली, वास कुबट आला, आणि मी 'छान' म्हणालो. समोरच्या माणसाचा रुबाबच तसा होता. आम्ही पाच जणांनी ते गोणपाट पूर्ण संपवलं, आणि पैसेही दिले. तेव्हापासून शंका आली की मी ग्लास वेटरच्याच हातात देतो आणि म्हणतो, 'तुम्हीच जरा वास घेऊन बघता का?' भांडण होत नाही, निर्णय तोच देतो.

तळाशी गाळ दिसला किंवा बुचाला साखरेसारखे खडे चिकटले असले तर घाबरू नका. तो द्राक्षातल्याच आम्लाचा क्षार असतो, निरुपद्रवी. आणि पिळायचं झाकण असलेली बाटली म्हणजे हलका माल, हाही गैरसमज.

६. चाखताना मराठीत बोला

आता मुख्य काम. ग्लास एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू देऊ नका. दांडीला धरा, वाटीला धरलं की हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या रुमालावर तिरका धरून रंग बघा. मग न हलवता एक वास, दोन-तीन वेळा गोल फिरवून दुसरा वास. दोन्ही वासांत फरक पडतो, आणि तो कळला की अर्धं शिक्षण झालं. नंतर छोटा घोट, तो लगेच गिळायचा नाही. चूळ भरताना फिरवतो तसा तोंडभर फिरवायचा, आवाज न करता. गिळल्यावर किती वेळ चव टिकते ते मनातल्या मनात मोजायचं.

इथपर्यंत सगळे येतात. मग कुणीतरी विचारतं, 'काय लागतंय?' आणि पुन्हा शांतता. कारण कुठेतरी वाचलेले ब्लॅककरंट आणि गूजबेरी आठवायचा प्रयत्न सुरू होतो, जे आपण जन्मात खाल्लेले नसतात. सोडून द्या ते. सहा रसांची नावं घोकून आलेली आपली भाषा या कामाला इंग्रजीपेक्षा उजवी आहे. लाल वाइनने हिरड्या आवळल्यासारख्या होतात, जीभ खरखरीत होते, त्याला काय म्हणायचं यावर लोक वर्ग घेतात. आपल्याकडे शब्द तयार आहे: तुरट. जांभूळ खाल्ल्यावर, कच्चं केळं चावल्यावर होतं ते. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. तोंडाला पाणी सुटलं तर आंबट. घशात ऊब उतरली तर अल्कोहोल. एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक घोटात वेगळ्या काढता आल्या की बाकी सगळी सजावट.

गामे तुरट कमी आणि आंबट-ताजी जास्त लागते. बोजोलेमध्ये अख्खे घड न चिरडता बंद टाकीत घालतात, तिथे दाण्याच्या आतच आंबायला सुरुवात होते आणि सालीतला तुरटपणा फारसा उतरत नाही. मला फ्लरीत करवंदं दिसतात. पिकलेली, दगडी वाटेवर उन्हात तापलेली. मॉर्गों जरा जाड, चेरीकडे झुकणारी. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ साली या गामेला दगाबाज रोप ठरवून आपल्या मुलखातून उपटून काढायचा हुकूम सोडला होता. ते दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर तगलं आणि तिथेच त्याचं भलं झालं.

सँ-जोझेफच्या ग्लासात नाक घातलं की आमच्याकडे हमखास कुणीतरी 'अरे, मिरी!' म्हणून ओरडतं. हा भास नाही. रोटुंडोन नावाचं जे द्रव्य काळ्या मिरीला तिचा वास देतं तेच सिराच्या द्राक्षात असतं. त्याखाली जांभूळ, आणि कधी कधी चुलीच्या धुराचा अंश. कोंद्रियो घेतलीत तर जर्दाळू आणि फुलं. एका काकूंनी तिला 'सोनचाफा ठेवलेली डबी' म्हटलं होतं, त्याहून नेमकं वर्णन मी इथल्या जाणकारांकडूनही ऐकलेलं नाही.

आणि मग मेथीचा किस्सा. बुशोंच्या यादीत कधी कधी झुरा प्रांतातली 'व्हँ झोन' म्हणजे पिवळी वाइन ग्लासावर मिळते. झुरा माझ्या दीड तासाच्या नियमात जरा ताणूनच बसतो, पण हिच्यासाठी नियम ताणावा. साव्हान्यँ नावाच्या द्राक्षाची ही वाइन पिंपात कमीत कमी सहा वर्षं ठेवतात. मधे जी उडून जाते ती पुन्हा भरत नाहीत, वर यीस्टची साय धरते. एकदा सोलापूरचा मित्र आला होता. बाकी सगळे 'अक्रोड, अक्रोड' म्हणत होते, कारण मीच तसं सुचवून ठेवलं होतं. हा गडी तीनदा वास घेऊन म्हणाला, 'मला आईच्या मेथीच्या लाडवाचा डबा आठवतोय.' सगळे हसले. मी घरी येऊन शोधलं. सोटोलोन नावाचं द्रव्य व्हँ झोनचा वास घडवतं, आणि मेथीच्या दाण्यांचा वासही त्याचाच! पुस्तकातला शब्द आम्ही बोललो, नाकातला तो बोलला. तेव्हापासून मी पाहुण्यांना आधी काहीच सुचवत नाही. प्रत्येकाने न बोलता एकेक शब्द कागदी रुमालावर लिहायचा, मगच बोलायचं.

आणि हो, ग्लासातली सगळी संपवलीच पाहिजे असं नाही. टेबलावर एक रिकामा जग मागून घ्या, नको असलेली त्यात ओता. मळ्यावर चाखतात तेव्हा थुंकतातही, पण जेवणाच्या टेबलावर ते करू नका.

७. ताटात काय घ्यायचं

माकोंच्या पांढरीबरोबर केनेल घ्या: पाइक माशाचा, हवेसारखा फुललेला, लोणीदार सॉसमध्ये बुडालेला मऊ गोळा. सॉस जड, वाइन आंबटसर, हिशेब जुळतो. गामेबरोबर सालाद ल्योनेज, म्हणजे कडसर पाला, डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे आणि वर अर्धकच्चं अंडं. किंवा ब्रियोश पावात भाजलेलं सॉसेज. सिराबरोबर मटण किंवा भाजलेलं बदक. आँदुयेत नावाचं आतड्यांचं सॉसेज प्रसिद्ध आहे. वजडी आवडीने खाणाऱ्यांनी जरूर घ्यावं, इतरांनी आधी शेजारच्या टेबलावरचा वास घ्यावा.

शाकाहारी मंडळींना बुशोंमध्ये कसरत आहे, खोटं कशाला सांगू. साध्या दिसणाऱ्या कोशिंबिरीत डुकराचे तुकडे असतात आणि कांद्याच्या सूपमध्ये बहुधा बैलाच्या हाडांचं पाणी. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनीही त्या सूपबद्दल विचारून घ्यावं. मिळण्यासारखं म्हणजे ग्रातँ दोफिन्वा, सायीत शिजवलेल्या बटाट्याच्या चकत्या. मसुराची कोशिंबीर, ती 'मांस नको' सांगून. आणि 'सेर्व्हेल द कान्यू'. याचा शब्दशः अर्थ 'विणकराचा मेंदू', पण असतो तो फेटलेल्या ताज्या चीजमध्ये लसूण, कांद्याची पात आणि औषधी पाला घालून केलेला प्रकार. आपल्या चक्क्याचा चुलतभाऊ समजा. ल्योंच्या रेशीम विणकरांना कान्यू म्हणत, त्यांच्या नावाचा. थंड माकोंबरोबर हा आणि पाव इतका जमतो की मांसाहारी लोक डोळा ठेवून बसतात. फ्रेंच चीजमध्ये बहुतेकदा वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, हे कडक पाळणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

चीजबरोबर लाल वाइन ही समजूत इथे तपासून बघा. कोंद्रियो गावाचंच नाव असलेलं रिगोत हे छोटं शेळीच्या दुधाचं चीज घ्या, एक घास लाल तुरट सिराबरोबर, एक उरलेल्या पांढरीबरोबर. मी पैज लावतो, पांढरी जिंकेल. शेवटी गुलाबी प्रालीनचा, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांचा टार्ट, आणि सेर्दों.

८. पाणी, बिल, घर

'ऊन काराफ दो' म्हटलं की नळाच्या पाण्याचा जग फुकट येतो. पावाचेही पैसे नसतात. दोन्ही भरपूर घ्या, प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी. चिअर्स करायला सगळ्यांचे ग्लास भरेपर्यंत थांबा. 'साँते' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, ग्लासाकडे नाही. बिलात सेवा धरलेलीच असते. आनंद झाला असेल तर दोन-चार नाणी ठेवा, सक्ती नाही. उरलेली बाटली बूच लावून घरी न्यायला मागितली तर देतात, त्यात कमीपणा नाही.

गाडी कुणी चालवायची नाही. कायद्याची मर्यादा रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम आहे, नवीन परवानाधारकाला ०.२. तीन ग्लासांनंतर 'मला काही झालं नाही' म्हणणारा माणूस या मोजणीत बसत नाही. ल्योंची मेट्रो आहे, पाय आहेत.

लेबलांचे फोटो मात्र त्याच रात्री काढून ठेवा, शेजारी ते रुमालावरचे शब्द. सकाळी फक्त 'ती लाल' एवढंच आठवतं. फोटो घेऊन वाइनच्या दुकानात जा, काव्हिस्तला दाखवा, बाटली रेस्तराँच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत घ्या. भारतात नेताना माणशी दोन लिटरपर्यंत करमाफी आहे, बाटल्या अर्थातच चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. साध्या ७५ च्या दोनच बसतात, तिसरीने सव्वादोन लिटर होतात. पण व्हँ झोनची बुटकी बाटली ६२ सेंटिलिटरची असते. तिच्या तीन बाटल्या एक लिटर शहाऐंशी. सोलापूरचा मित्र तीन घेऊन गेला, मेथीच्या लाडवांबरोबर आईला वास दाखवायला.